उपासना आणि सुवार्ता : जवळ बसणे आणि बाहेर जाणे

शास्त्रपाठ : यशया ६:१-८, २ राजे ५:१-२७, योहान ४:१९-४२, रोमकरांस १५:१५-१६

मुख्य विचार : खऱ्या उपासनेतून साक्ष निघते, आणि तीच उपासना त्या साक्षीला सौदा होण्यापासून वाचवते.



या तिमाहीच्या अभ्यासासाठी उपासना आणि सुवार्ताप्रसार यांचा एकमेकांशी असलेला संबंध हा विषय घेतला आहे. विषय जुना आहे, पण आदिवासी वाड्यांवर काम करणाऱ्यांना आणि त्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळ्यांना तो दरवर्षी नव्याने समजून घ्यावा लागतो. मी लोटे येथे राहून हे काम करतो. मंडळ्यांना भेटी द्यायला गेलो की दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. काही जण म्हणतात, "वाडीवर भजन-प्रार्थनेत वेळ कशाला घालवता? आधी वचन सांगा, माणसे प्रभूकडे येऊ द्या, उपासना मागाहून होईल." दुसरे म्हणतात, "आपली रविवारची उपासना व्यवस्थित चालली आहे. बाहेर जायचे ते ज्यांना पाचारण आहे ते जातील."

दोन्ही बोलणी एकमेकांच्या उलट वाटतात, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. उपासना हे एक खाते आणि सुवार्ता हे दुसरे. एका खात्याला पाळक, दुसऱ्याला सुवार्तिक. पवित्र शास्त्र मात्र अशी दोन खाती ओळखत नाही. आज आपण शास्त्रात या दोहोंचा संबंध कसा येतो, आपल्या मराठी मुलखातील पूर्वजांनी तो कसा जगून दाखवला आणि आपल्या आजच्या कामात तो कुठे बिघडू शकतो, हे पाहू.

१. दोन शब्दांचा अर्थ

'उपासना' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे असा आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'आस' म्हणजे बसणे. 'सुवार्ता' म्हणजे चांगली बातमी. बातमी कोणाची खरी मानावी, हे आपल्याला व्यवहारात चांगले कळते. पावसाळ्यात जगबुडीला पूर आला की खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरले का, हे आपण कोणाला विचारतो? नुकताच खेडहून आलेल्या माणसाला. घरात बसून अंदाज करणारा कितीही हुशार असला तरी त्याच्या शब्दाला तेवढे वजन नसते.

सुवार्तेचेही तसेच आहे. जो देवाजवळ बसला आहे त्याच्याकडेच सांगण्यासारखे काही असते. जो बसलाच नाही, तो दुसऱ्याने सांगितलेले पुन्हा सांगतो. ऐकणाऱ्याला, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो, हा फरक लगेच कळतो. आणि जो रोज जवळ बसतो पण कोणाला कधीच काही सांगत नाही, त्याने तिथे नेमके काय पाहिले, हाही प्रश्न उरतोच.

२. शास्त्रातील क्रम

यशयाच्या सहाव्या अध्यायात संदेष्टा मंदिरात आहे. त्याला सिंहासनावर बसलेला प्रभू दिसतो, सराफीमांची स्तुती ऐकू येते, आणि पहिली जाणीव होते ती आपल्या अशुद्ध ओठांची. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो. त्यानंतरच आमच्यासाठी कोण जाईल, हा प्रश्न त्याच्या कानी येतो. निखारा वेदीवरचा आहे आणि तो लागतो ओठांना, हे लक्षात घ्या. जे ओठ पुढे लोकांसमोर बोलणार, ते उपासनेच्या ठिकाणी शुद्ध झाले. यशयाला कोणी ढकलले नाही. देवाचा प्रश्न त्याच्या कानी पडला आणि तो स्वतःहून पुढे झाला.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील महान आज्ञा आपल्याला पाठ असते, पण तिच्या आधीचे वचन वाचायचे राहून जाते. शिष्य गालीलातील डोंगरावर गेले, त्यांनी येशूला पाहून नमन केले, आणि काहींना शंका वाटली (मत्तय २८:१७). त्यानंतर आज्ञा आली. शंका वाटणाऱ्यांना प्रभूने बाजूला काढले नाही. म्हणून आपला विश्वास दुबळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनीही नमन करणाऱ्यांच्या रांगेतून उठून जाऊ नये.

अंत्युखियाची मंडळी प्रभूची सेवा आणि उपास करीत असता पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना वेगळे करायला सांगितले (प्रेषितांची कृत्ये १३:१-३). मिशनकार्याची ही मोठी सुरुवात उपासनेच्या सभेत झाली, आणि त्या सभेला त्याची किंमतही मोजावी लागली. मंडळीने आपले उत्तम शिक्षक पाठवले. जी उपासना मंडळीकडून कधीच काही मागत नाही, तिच्यात आपण देवाचा आवाज ऐकतो की केवळ आपलाच, हे तपासायला हवे.

योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीचा वृत्तांत तर या विषयाचा गाभाच आहे. याकोबाच्या विहिरीजवळचे बोलणे पाण्यापासून सुरू होते आणि उपासनेवर येऊन ठेपते : या डोंगरावर की यरुशलेमात? प्रभू तिला सांगतो की पिता खऱ्या उपासकांना शोधत आहे. 'शोधत आहे' हा शब्द फार मोठा आहे. सुवार्ताकार्याचे मूळ त्यात आहे. पिता उपासक शोधत आहे म्हणून आपण बाहेर जातो. मग ती स्त्री घागर तिथेच टाकून गावात जाते. ती कोणावर दडपण आणत नाही, कोणाला वचने देत नाही. या आणि पाहा, एवढेच म्हणते. शेवटी गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. साक्षीदाराचे काम इतकेच : माणसाला प्रभूजवळ आणणे आणि मग बाजूला होणे.

आणि शेवट कुठे आहे? प्रकटीकरण ७:९ मध्ये सर्व राष्ट्रे, वंश, लोक आणि भाषा यांतून आलेला, कोणाला मोजता येणार नाही एवढा समुदाय राजासनासमोर उभा आहे. तिथे कोणाला सुवार्ता सांगण्याची गरज उरलेली नाही. उपासना मात्र चालूच आहे. त्या समुदायात आपल्या कोकणातील कातकऱ्यांची बोलीही असेल, या आशेनेच आपण काम करतो.

३. पौलाची याजकसेवा

रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्या कामाचे वर्णन मंदिरातील शब्दांनी करतो. तो स्वतःला सुवार्तेची याजकसेवा करणारा म्हणवतो, आणि विश्वासात आलेले परराष्ट्रीय लोक हे देवाला वाहिलेले अर्पण आहे असे सांगतो. हा माणूस गावोगाव पायी फिरला, तंबू शिवून पोट भरले, मार खाल्ला. तरी त्याला आपले हे काम वेदीजवळची सेवाच वाटत होते.

यातून एक कठीण धडा मिळतो. अर्पण वेदीवर ठेवले की ते याजकाचे राहत नाही. विश्वासात आलेला माणूस सुवार्तिकाचा नाही, संस्थेचा नाही, देणगी पाठवणाऱ्या मंडळीचाही नाही. तो देवाचा आहे. म्हणून त्याला आकड्यात मोजून दाखवणे, हातात भेटवस्तू देऊन फोटोसाठी उभे करणे, त्याच्या दुःखाची कहाणी त्याला न विचारता व्यासपीठावरून सांगणे, हे सारे वेदीवरचे उचलून आपल्या घरी नेण्यासारखे आहे.

४. आपल्या मातीतील धडे

उपासना आणि सुवार्ता एकत्र कशा नांदतात हे मराठी ख्रिस्ती माणसाला परदेशातून शिकण्याची गरज नाही. आपल्याकडे त्यासाठी एक अख्खी परंपरा आहे, ती म्हणजे भजन-कीर्तन.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. मराठीचे सौंदर्य ओळखून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमी लिपीत छापावे लागले. गोव्यातील मंदिरांत उपासनेनंतर ते वाचले व गायले जाई. वचन सांगण्याचे काम आणि स्तुतीचे काम तिथे एकाच ओवीत होत होते. त्या काळच्या गोव्यात धर्मांतरामागे राज्यसत्तेचे दडपणही होते, हे मात्र विसरून चालणार नाही. त्या दडपणाची आठवण लोकांच्या मनात कडूच राहिली. ओव्या मात्र लोकांनी आपल्या मानल्या.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून बाणकोट व हर्णै भागात काम करू लागले. पुढे मुंबईत शिक्षणकार्यासाठी प्रसिद्ध झालेले जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आले, तेव्हा आधी या किनाऱ्यावर राहून ते मराठी शिकले. बोलण्यापूर्वी ऐकायला बसणे, हा त्यांचा पहिला पाठ आपल्याच जिल्ह्यात झाला.

याच जिल्ह्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक जन्मले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या वियोगाचे आणि पुढे स्वतः प्रभूकडे आल्याचे वर्णन त्यांनी 'स्मृतिचित्रे'त केले आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. टिळकांच्या ध्यानात एक गोष्ट आली की परदेशी चालींवरची भाषांतरित गीते मराठी माणसाच्या हृदयापर्यंत पोचत नाहीत. त्यांनी अभंग, भजने आणि पदे लिहिली. 'उपासना संगीत' उघडले की आजही त्यांचे नाव पानोपानी भेटते.

कीर्तनाची पद्धत टिळकांच्या आधीपासून ख्रिस्ती मंडळीत रुळत होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी त्यासाठी फार मोठे काम केले. कीर्तनाची रचना पाहा. आरंभी नमन, मग पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी पुन्हा प्रार्थना आणि आरती. म्हणजे सुरुवात उपासनेने, मधला भाग सुवार्तेचा, शेवट पुन्हा उपासनेने. शिवाय ऐकणाऱ्यांत विश्वासी कोण आणि पाहुणा कोण, याची वेगळी रांग नसते. सगळे एकाच सतरंजीवर बसतात. ज्याला टाळ धरायचा तो धरतो, ज्याला नुसते ऐकायचे तो ऐकतो, ज्याला उठून जायचे तो जातो. कीर्तनकार गातो ते मुळात देवासाठी, आणि लोक ते ऐकतात.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला यांनी मध्यरात्री स्तुतिगीते गायली तेव्हाही असेच झाले. ते देवाला गात होते आणि बंदिवान ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५).

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण येशूला गुरू मानणारे, अशा सर्वांची ही संगत असावी अशी त्यांची इच्छा होती. त्यावर तेव्हाही मतभेद झाले आणि आजही होतील. १९१९ मध्ये ते प्रभूघरी गेल्यामुळे हा प्रयत्न फार पुढे जाऊ शकला नाही. परंतु लोकांना आधी येशूजवळ बसू द्या, ही त्यांची तळमळ आपण विसरू नये.

आणखी एक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोज प्रार्थनेसाठी जमायला कोण तयार आहे, असे विचारले. सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. त्याच काळात तिथे मोठे संजीवन झाले आणि मुलींची पथके आसपासच्या गावांत साक्ष द्यायला जाऊ लागली. यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचलेल्या, घरातून टाकलेल्या, कालपर्यंत भुकेल्या असलेल्या होत्या. ज्यांना जगाने कामाच्या मानले नाही, त्या प्रार्थनेतून उठून बातमी घेऊन गेल्या.

५. लोटे आणि आसपासच्या वाड्या

आता आपल्या कामाकडे येऊ. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे आमच्याकडे राज्यातून आणि बाहेरच्या प्रांतांतूनही कामगार आलेले आहेत. त्यांच्यातील विश्वासी भाड्याच्या खोलीत उपासनेला जमतात. पाळ्यांमुळे सगळे एका वेळी कधीच भेटत नाहीत. कोणी रात्रपाळी करून थेट येतो, कोणी आशीर्वाद व्हायच्या आत दुपारपाळीला निघतो. तरीही या छोट्या उपासनेतूनच वाड्यांवरच्या कामाला माणसे मिळाली आहेत. सुट्टीच्या दिवशी झोप सोडून वाडीवर मुलांचा अभ्यास घ्यायला जाणारे हेच कामगार आहेत.

वाड्या मुख्यतः कातकरी बांधवांच्या. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून त्यांना हे नाव पडले. आज त्यांच्यातील बरीच कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. जातीचा दाखला, रेशनकार्ड, राहत्या घराखालची जमीन, प्रत्येक गोष्टीसाठी हेलपाटे. अशा ठिकाणी मदत घेऊन जाणारा माणूस नकळत मोठा होतो आणि घेणारा लहान होतो. उपासना आणि सुवार्तेचा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही.

एका पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही छपरांवर घालायला ताडपत्र्या घेऊन वाडीवर गेलो होतो. एका आजीने मला सरळ विचारले, "भाऊ, प्रार्थनेला बसलं तरच मिळणार का?"

मी म्हणालो, "नाही आजी. सगळ्यांना मिळणार."

"मग तुम्ही प्रार्थना कशाला करता?"

"देव चांगला आहे म्हणून करतो. ताडपत्री नसती तरी केली असती."

आजी काही बोलली नाही. ताडपत्री घेऊन गेली. तिच्या प्रश्नात राग नव्हता. तिला आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची किंमत विचारूनच घ्यावी लागली होती, म्हणून तिने हीही किंमत विचारून घेतली.

त्यानंतर आम्ही मिळून एक नियम केला : वाटपाच्या दिवशी प्रार्थनासभा नाही आणि प्रार्थनासभेच्या दिवशी वाटप नाही. नियम सोपा आहे, पण पाळायला जड गेला. प्रार्थनेला येणारी गर्दी ओसरली. कधी कधी चार-पाच माणसेच असत. काही हितचिंतकांना अहवाल वाचून वाईट वाटले, आणि त्यांचे वाटणे मला समजते. परंतु त्या चार-पाच जणांविषयी आता आम्हाला संशय नाही, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही नाही. ते आले ते प्रभूसाठी आले. त्यांच्यातील एक बहीण आपल्या बोलीत प्रार्थना करते. तिचे सगळे शब्द मला कळत नाहीत, आणि मला कळावेत म्हणून ती बोलतही नाही. ती भट्टीवर गेली की तिथल्या झोपड्यांत रात्री हीच प्रार्थना होते. तिथे आम्ही कोणी नसतो. सुवार्ता भट्टीवर गेली ती तिच्या उपासनेतून.

६. नामान आणि गेहजी

ही सावधगिरी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. २ राजे ५ मध्ये तिची पूर्ण शिकवण आहे.

अरामाचा सेनापती नामान कोडी होता. त्याला पहिली सुवार्ता सांगितली ती त्याच्या घरी बंदिवान म्हणून राबणाऱ्या इस्राएली मुलीने. तिला पैसा नव्हता, पद नव्हते, घरही परके. आपल्या वाड्यांवरील आणि भट्ट्यांवरील विश्वासी बहिणींचे चित्र शास्त्रात कुठे पाहायचे असेल तर इथे पाहावे. नामान शुद्ध होतो आणि अलीशापुढे भेटी ठेवतो. अलीशा आग्रह होऊनही काही घेत नाही. आणि त्याच वेळी नामानाच्या तोंडून उपासना निघते : यापुढे मी परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणाला होमबली वाहणार नाही. दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती तो बरोबर मागतो. जे फुकट मिळाले त्याने त्याला देवाकडे वळवले.

मग गेहजी धावत जातो. तो काही परका नाही, संदेष्ट्याचा सेवक आहे. त्याला वाटते, एवढे मोठे काम झाले, काहीतरी हाती लागायला हवे. तो खोटे सांगून चांदी आणि वस्त्रे आणतो, आणि नामानाचे कोड त्याला लागते.

गेहजीचे पाप केवळ लोभ नव्हते. देवाची कृपा फुकट आहे हे नामानाला नुकतेच कळले होते, आणि गेहजीने तिला किंमत लावली. आपण पैसे मागत नसू. पण ताडपत्रीच्या बदल्यात सभेला हजेरी मागणे, औषधाच्या बदल्यात हात वर करायला लावणे, शाळेच्या दप्तराच्या बदल्यात नाव नोंदवणे, हेही कृपेला किंमत लावणेच आहे. प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितले की फुकट मिळाले ते फुकट द्या (मत्तय १०:८).

देशाच्या कायद्याचीही इथे आठवण ठेवावी. राज्यघटनेचे २५ वे कलम सद्सद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. शास्त्र वाचणाऱ्याला यात घाबरण्यासारखे काही नाही. मन पालटणे हे काम पवित्र आत्म्याचे आहे, ते आपल्या हाती कधी दिलेलेच नव्हते.

७. तुमची देणगी हीही उपासना

आता हितचिंतकांसाठी दोन शब्द. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला मदत पाठवली तेव्हा त्याने पोच देताना तिला सुगंधी अर्पण म्हटले, देवाला आवडणारा यज्ञ म्हटले (फिलिप्पैकरांस ४:१८). पैसे आले पौलाकडे, पण वाहिले गेले देवाला. तुम्ही रविवारी दानार्पणाच्या थैलीत जे टाकता आणि त्यातून जे आमच्याकडे येते, ते वेदीवरून आलेले असते. वेदीवरून आलेल्या वस्तूने आम्ही माणसे विकत घेऊ शकत नाही. त्याने फक्त सेवा करू शकतो.

म्हणून आमच्याकडे हिशेब मागा, अवश्य मागा. पैसा कुठे गेला, ताडपत्र्या कोणाला मिळाल्या, दाखल्यांची कामे किती झाली, हे विचारा. पण 'इतक्या पैशांत किती आत्मे?' असा हिशेब मागू नका. तो हिशेब देण्याचा मोह कामगाराला गेहजीच्या वाटेवर नेतो. आणि ज्या आठवड्यात उपासनेत मन लागले नाही त्या आठवड्यात पाठवलेली मोठी रक्कम तुमच्या उपासनेची जागा घेईल, असेही समजू नका. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव न्यायाविना केलेली गीते व यज्ञ नाकारतो. त्याला आपण सगळे हवे आहोत, आपला एक भाग नव्हे.

८. आचरणात आणण्यासाठी

पहिली गोष्ट, उपासनेत पाहुण्याची आठवण ठेवा. पौल करिंथकरांना सांगतो की सभेत बाहेरचा कोणी आला तर त्याला कळेल असे बोलले जावे, म्हणजे तो देवाला नमन करील (१ करिंथकरांस १४:२३-२५). आपल्या उपासनेतील किती शब्द शेजाऱ्याला कळतील?

दुसरी, मध्यस्थीची प्रार्थना नावानिशी करा. 'सर्व आदिवासींना आशीर्वाद दे' यापेक्षा एका वाडीचे नाव घ्या आणि वर्षभर घेत राहा.

तिसरी, प्रभुभोजनाच्या रविवारी कोण आपल्या मेजावर नाही, याचा विचार करा. जो मेजावर बसला तो रिकाम्या जागा पाहतो.

चौथी, वाडीवर याल तेव्हा आधी ऐकायला या. तिथल्या बहिणींना गाऊ द्या, त्यांच्या बोलीत, त्यांच्या चालीवर. आपण टाळ धरावा.

पाचवी, ज्याने येशूला नाकारले त्याचीही सेवा तितकीच करा. आपली सेवा कोणासाठी आहे, याची खरी परीक्षा तिथेच होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. यशयाच्या दर्शनातील निखारा ओठांनाच का लागला असावा?

२. आपल्या मंडळीतून गेल्या वर्षभरात उपासनेतून उठून कोण बाहेर सेवेला गेले? कोणी गेले नसेल तर कशामुळे?

३. आपल्या कोणत्या मदतीमागे न बोललेली अट असू शकते? ती काढून टाकल्यास काय गमवावे लागेल?

४. नामानाच्या घरातील मुलीसारखी साक्ष देणारी माणसे आपल्या परिसरात कोण आहेत? त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो का?

प्रार्थनेचे विषय

भट्टीवर गेलेल्या कुटुंबांचे आरोग्य आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण यांसाठी. औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी. दाखल्यांच्या कामात मदत करणाऱ्या अधिकारी व कर्मचाऱ्यांसाठी. वाड्यांवरील लहान प्रार्थनासमूहांसाठी, की त्यांची उपासना खरी राहावी. आणि आम्हा सेवकांसाठी, की आम्ही आधी जवळ बसायला शिकावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.